कोरडे तांदूळ

चंद्रभान भ्याला की त्याच्या तोंडची थुंकी आटायची. ही गोष्ट गावात एकट्या रुख्मिणीला माहीत होती, कारण ती त्याची बायको होती.

घरात दोघंच असली की तो माणसासारखा माणूस असे. ठेच्याशी भाकर खाई, हसे, गावातल्या बड्या लोकांच्या नकला करी. पण दाराशी अनोळखी वहाण वाजली, कुणी जरा चढ्या आवाजात "काय गा चंद्रभान" म्हटलं, की त्याची जीभ टाळूला चिकटे. मग तोंडातून निघे ते अर्धंमुर्धं, खरखरीत. लोक म्हणत, याच्या पोटात काळं आहे, म्हणून बोलणं ओठावर येत नाही.

हे जेलमधून आल्यानंतरचं. त्याआधी तो असा नव्हता. त्याआधी तो चोर होता.

उपाशी होता म्हणून चोरी केली असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. दोन टिपं गाळून तो पान उलटील. तसं नव्हतं. घरात ज्वारी होती, बाप जिवंत होता. पण पोरगा मिसरूड फुटेपर्यंत वाढला आणि तोवर त्याला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. शाळेत छडी, वावरात शिवी, घरात लाथ. पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवून "वा रे पठ्ठे" म्हणणारा माणूस निघाला तो जत्रेत हात मारणाऱ्यांचा म्होरक्या. पोरगा भिंतीवरून मांजरासारखा उतरतो, म्हणून म्हणाला. मग पोरगा उतरतच राहिला. त्या दिवसांत त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती. पुढं पकडला गेला, आणि कुठल्याशा ठाण्यात उलटा टांगून त्याच्या तळव्यांना जे शिकवलं गेलं ते त्याच्या तोंडानं लक्षात ठेवलं.

सुटल्यावर त्याचं नाव निगराणीत गेलं. निगराणी म्हणजे काय ते ज्यांच्या घरी शिपाई पाणी प्यायलासुद्धा येत नाही त्यांना कळायचं नाही. शिपाई कधीही येणार आणि दारातून हाक मारणार. त्या वेळी माणूस घरात पाहिजे. ठाण्याला विचारल्याशिवाय एक रात्र बाहेर काढली तर तोच गुन्हा. सासऱ्याचं मरण असो की भावाचं लग्न.

तो जेलात होता तेवढे दिवस रुख्मिणी नाचणगावला बापाकडं होती. परत आली ती एका बोलीवर. "अजी, पुन्हा एक खेप तुमचं नाव निंगालं, तर म्या हे घर पाह्यलं नाई असं समजजा."

तो कबूल झाला. आणि बोलीला जागला. दुसऱ्याच्या वावरातून जाताना खाली पडलेलं कापसाचं बोंड तो पायानंसुद्धा सरकवत नसे. लोक म्हणत, सुधारला. रुख्मिणीला ठाऊक होतं की सुधारला-बिधारला काही नाही, भ्यालेला आहे. पण भ्यालेला नवरा घरी असतो. तिनं तेवढ्यावर संसार मांडला होता.

हे घडलं त्या वर्षी मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन फार दिवस झाले नव्हते. मालगुजार उतरले आणि त्यांच्या जागी प्रभाकरराव चढले. समुद्रपूरच्या वाटेवरच्या या गावात किराण्याचं आणि कापडाचं दुकान त्यांचं, सरकीचं गोदाम त्यांचं, आणि शाळा भरत होती ती ओसरीही त्यांचीच. दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा होता. चंद्रभानला त्यांनी मुद्दाम बोलावलं, कारण निगराणीतला माणूस अर्ध्या मजुरीत येतो आणि वर उपकार मानतो.

चुना संपत आला त्या दिवशी प्रभाकररावांच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी, देवघराच्या कोनाड्यात हात घातला आणि किंकाळी फोडली. त्यांची एकदाणी गेली होती. सोन्याच्या मण्यांची, लाल रेशमात ओवलेली, माहेरची.

घरात बाहेरची माणसं तिघंच. भांडी घासणारी अनुसयाबाई, गोदामावरचा म्हातारा नत्थूजी, आणि चंद्रभान.

तिघं म्हणायचं आपलं. गावानं एकच नाव घेतलं.

"पोलिसांत द्या," कुणीतरी म्हणालं.

प्रभाकररावांनी मान हलवली नाही. पोलीस आला की तो घर पाहतो, घर पाहिलं की गोदाम पाहतो, आणि गोदामात सरकीच्या खाली दडवलेली कंट्रोलची, म्हणजे रेशनची, साखर होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणी दुसऱ्यांदा म्हणालं नाही.

"तांदूळ चारू," प्रभाकरराव म्हणाले. "प्रेमदास भगताले बलावा."

तांदूळ चारणं ही जुनी रीत. भगत कच्चे तांदूळ मंतरतो आणि संशय असलेल्या प्रत्येकाला मूठभर चावायला देतो. चावून पळसाच्या पानावर थुंकायचं. दुधासारखं ओलं पडलं तर माणूस खरा. भुकटी पडली तर चोर.

आता या गावात एक शिकलेला माणूस होता. केशव मास्तर. वर्ध्याला शिकलेला, सूत कातणारा, कुणाला अरे-तुरे न करणारा. असल्या भगतगिरीला तो आडवा येईल असं वाटण्यासारखा. रुख्मिणीला तसंच वाटलं. ती शाळेच्या ओसरीखाली पदर धरून उभी राहिली.

"मास्तर, हे थांबवा जी. त्याइले ते तांदूळ चावता येनार नाईत."

"का बरं? त्यानं घेतली आहे का?"

"देवाशपथ नाई."

मास्तर हसले. चांगला माणूस हसतो तसे. "मग घाबरता कशाला? मंत्राबिंत्रावर माझाही विश्वास नाही, बाई. पण यात शास्त्र आहे. अपराधी माणसाला भीती वाटते. भीती वाटली की लाळ सुटत नाही. डॉक्टरसुद्धा हेच सांगतात. पोलीस आले तर मारतील. तांदूळ कुणाला मारत नाहीत. उलट चंद्रभानवरचा डाग कायमचा धुऊन निघेल."

"पन त्याइले तसंही भेव वाटते, मास्तर. काई नाई केलं तरी वाटते."

"ज्यानं काही केलं नाही, त्याला भ्यायचं कारणच काय?"

ज्याच्या तळव्यांवर कधी काठी पडली नाही त्यानं हे वाक्य बोलायचं, आणि ज्याच्या पडली त्यानं ऐकायचं. भगताचा मंत्र गावानं हसतखेळत ऐकला असता, कुणी मानला असता, कुणी नसता. मास्तरांनी त्याला शास्त्राचा शिक्का मारला. आता जो चावणार नाही तो अडाणीही ठरणार आणि चोरही.

तांदूळ रात्रभर मारुतीपुढं ठेवले गेले. सकाळी प्रभाकररावांच्या अंगणात गाव जमलं.

नव्या चुन्याच्या भिंती डोळ्यांत खुपत होत्या. ओट्यावर प्रभाकरराव, त्यांच्यामागं दाराच्या आड शकुंतलाबाई. खाली प्रेमदास भगत, पुढ्यात पितळी ताट आणि पळसाची पानं. तानबा कोतवाल लोकांना मागं सारत होता. त्याला असल्या दिवशी फार उत्साह येई.

"सरका, सरका बे पोट्टेहो! अठी का दंडारीचा खेळ हाय?"

चंद्रभान तुळशीजवळ उभा होता. रुख्मिणीनं त्याला निघताना तांब्याभर पाणी पाजलं होतं, चिंच चाटवली होती. चिंचेनं तरी सुटेल म्हणून. तिनं त्याच्याकडं पाहिलं. ओठ पांढरे झाले होते आणि तो जीभ फिरवत होता, फिरवत होता, आणि तिला ती जीभ वाळल्या चामड्यासारखी दिसली. ‘मारुतीबाप्पा, एक घोटभर,’ ती मनात म्हणाली. देवाजवळ कुणी आजवर थुंकी मागितली नसेल. तिनं मागितली.

"पहिले मी चावतो," केशव मास्तर पुढं झाले. "म्हणजे यात अपमान नाही हे सगळ्यांना कळेल. कायदा सर्वांना सारखा."

"वाहवा," लोक म्हणाले.

"पन मास्तर," तानबा म्हणाला, "आज संकष्टी ना? उपासाले तांदूळ चालतेत का?"

गाव हसलं. मास्तरही हसले. "थुंकायचेच तर आहेत, तानबा."

त्यांनी मूठ तोंडात टाकली. चावू लागले. सुरुवातीला हसतमुखानं. मग सगळ्या गावाचे डोळे त्यांच्या जबड्यावर आले. प्रभाकरराव ओट्यावरून बघत होते. ज्यांच्या ओसरीत शाळा भरते ते प्रभाकरराव. मास्तरांचा जबडा जरा हळू झाला. कपाळावर घाम आला. त्यांनी मान वळवून पानावर थुंकलं.

भुकटी पडली. पांढरी, कोरडी, जात्यातून पडावी तशी. ओठांच्या कडांना पीठ चिकटून राहिलं.

प्रेमदास भगतानं पानाकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं, आणि पान पटकन दुमडून मांडीखाली सारलं.

"उपास हाय ना," तो म्हणाला. "उपासाच्या मानसाले लागू नाई पडत."

"खरं हाय, खरं हाय."

"देवाले समजते, कोनाचा उपास अन् कोनाचं पाप."

मास्तर रुमालानं तोंड पुसत होते. आत्तापर्यंत बोललेलं सगळं शास्त्र त्यांच्या ओठांना पीठ होऊन लागलं होतं, आणि मास्तर तेच पुसून काढत होते.

अनुसयाबाई चावायला बसली. ती तंबाखू खाणारी बाई, तिच्या तोंडात सदा डबकं. पचकन थुंकली ती प्रेमदासाच्या धोतरावर उडालं. "घ्या माय! अजून पायजे का?" पुन्हा हशा. नत्थूजीला दात नव्हते. त्यानं तांदूळ नुसते घोळवून घोळवून लाळेत भिजवून टाकले. सुटला.

"चंद्रभान."

तो पुढं आला. खाली बसताना त्याचा गुडघा पितळी ताटाला लागला आणि ताट खणखणलं. "पाहा, पाहा, हात कसे कापून राह्यले," मागं कुणीतरी म्हणालं. त्यानं तांदूळ तोंडात घेतले.

तो चावत राहिला. खूप वेळ. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. डोळे मिटलेले. दाताखाली कच्चा तांदूळ फुटल्याचा आवाज रुख्मिणीला गर्दीच्या कडेला ऐकू येत होता, आणि प्रत्येक दाण्याबरोबर आपलंच काही फुटतंय असं तिला वाटत होतं. घर. चूल. नाचणगावहून आणलेली पेटी.

"थुक आता," भगत म्हणाला.

त्याला थुंकता येईना. त्यानं बोटांनी खरवडून काढलं. कोरडी भुकटी पानावर पडली आणि तिच्यात लाल ठिपका होता. हिरडी फुटली होती.

"रगत!" प्रेमदास ओरडला. "रगत पडलं!"

एकच गलका झाला. त्या गलक्यात रुख्मिणी पुढं घुसली. आयुष्यात ती चार माणसांपुढं बोलली नव्हती. तिचा पदर खांद्यावर आला होता.

"मास्तरचं पान काहाडा! त्याइचं बी कोरडंच पडलं! पाह्यलं ना तुमी सगळ्याइनं? मंग मास्तर काऊन चोर नाई?"

मग तानबा म्हणाला, "वो बाई, मास्तर काहाले चोरतीन वो?"

लोक पोट धरून हसले. खरंच की. मास्तर कशाला चोरतील! तेवढं एकच उत्तर पुरेसं होतं आणि ते उत्तर तांदळाच्या आधीपासून तयार होतं. मग तांदूळ कशाला आणले होते, हे त्या अंगणात कुणी विचारलं नाही.

"मास्तर, बोला ना जी," ती म्हणाली.

मास्तरांनी प्रभाकररावांकडं पाहिलं. मग जमिनीकडं. "उपासामुळं... होतं तसं कधी कधी," ते म्हणाले.

प्रभाकरराव उभे राहिले. त्यांचा आवाज मऊ होता. ते कधी ओरडत नसत; त्यांना गरज पडत नसे. "हे पाहा चंद्रभान, आमाले तुहं वाईट नाई करायचं. लेकरासारखा तू. उद्या सांजवरी माळ आणून दे. अठीच, बाईच्या हातात. आमी पोलिसांत जात नाई, गावात कोनी बोलत नाई. नाई आणली तर मंग परवा तू अन् ठानेदार. माह्या हातात राहनार नाई."

"हे फार उदार आहे," मास्तर घाईनं म्हणाले. "माणसाला सुधारायची संधी दिली पाहिजे."

चंद्रभान घराकडं निघाला. रुख्मिणी मागून चालत होती आणि त्याच्या पाठीकडं पाहत होती. पाठ कापत नव्हती. दारात तो थांबला आणि पच्चकन थुंकला. ओली, भरपूर, लाल थुंकी.

सकाळी ज्या थुंकीसाठी तिनं मारुतीला विनवलं होतं ती आता आली होती. त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती, आणि तिच्या जागी जे आलं होतं ते तिनं फक्त लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं, तो भिंतींवरून उतरत होता तेव्हा.

"आपन नाचणगावले जाऊ," ती म्हणाली. "आत्ता निंगू. माह्या बापाच्या पायावर डोक्शं ठेवू."

"ठान्याची रजा न घेता गाव सोडलं तर उद्या सांजची बी वाट नाई पाहात कोनी." तो खाटेवर बसला. शांतपणे बोलत होता. सगळे शब्द पुरे निघत होते. "माळ वापस दे म्हनतेत. वापस द्याची तर पहिले आपल्याजवळ पायजे. हाय का तुह्याजवळ?"

"काहाची माळ! माह्याजवळ हे काळे मनी."

"मंग कुठूनतरी आनाच लागन ना."

तिला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिनं त्याचे पाय धरले. "नोका जी. म्या मास्तरकडं जातो. त्याइले एकटं गाठतो. एकटे असले की खरं बोलतीन. तुमी अठीच बसा. हालू नका. माही आन हाय."

ती धावत गेली. मास्तर ओसरीत पोरांचे पाढे ऐकत होते. तिला पाहून त्यांनी पोरांना घरी पाठवलं.

"मास्तर, एकच बोला. गावापुढं नोका बोलू, नुसतं प्रभाकररावले सांगा, का तुमचं बी कोरडं होतं अन् तुमी बी चोर नाई. तेवढ्यानं माहा मानूस वाचते."

"ते दोन्ही सारखं नाही, बाई."

"काऊन सारखं नाई? तुमी भ्याले होते. म्या पाह्यलं. तुमी प्रभाकररावले भ्याले होते."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. खरं लागलं की चांगल्या माणसालाही राग येतो, आणि त्याचा राग वाईट माणसापेक्षा वाईट, कारण तो स्वतःला चांगला समजतच रागावतो.

"तुम्ही मला काय समजता? मी त्याच्यासाठी पोलीस टाळले! माळ परत करायला लावा त्याला. चूक कबूल केल्यानं माणूस मोठा होतो. मी स्वतः त्याचा गावापुढं सत्कार करीन."

ती परतली तेव्हा खाट रिकामी होती. दुपारची प्रवाशांची सरकारी मोटार त्याला घेऊन, धूळ उडवत निघून गेली होती.

दिवस मावळायला आला. रुख्मिणी चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. आणि बाहेर वहाणा वाजल्या.

"चंद्रभान!"

तिची जीभ टाळूला चिकटली. आता तिला कळलं, ते कसं असतं. तोंडात माती भरल्यासारखं.

शिपाई दारात उभा होता. "काय वो, कुठी गेला?"

ती बोलायला गेली आणि आवाज निघाला नाही. तिनं घसा खाकरला. "परसाकडं गेले. पोट बिघडलं त्याइचं."

"हं. मंग बसतो."

तो खाटेवर बसला. बिडी पेटवली. ती उभीच. आज गावात काय झालं ते याला कुणी सांगितलं असेल का? साखरेपायी नसेल सांगितलं. पण तानबाच्या तोंडाचा काय भरवसा. शिपायानं राख झटकली.

"लय वेळ लागून राह्यला."

"सकायपासून असंच हाय जी. जातेत अन् येतेत."

"चेहरा काऊन असा तुहा?"

"मले बी झालं थोडं. भाजी शिळी होती."

खोटं एकदा जमलं की पुढचं आपोआप जमतं. तिनं आयुष्यात शेजारणीची सुई ठेवून घेतली नव्हती. आज ती सरकारच्या माणसापुढं उभी राहून एकामागून एक रचत होती, आणि मनात कुठंतरी तिला वाटलं, आपल्याला हे येतं. तेवढ्यानंच ती जास्त भ्याली.

शिपायानं बिडी संपवली. हगवण लागलेल्या माणसाची वाट पाहायचा त्याला कंटाळा आला. "सांगजो त्याले, येऊन गेलतो म्हनून. पुढच्या खेपेले घरात पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभान आला. आंघोळ करून आला होता, कुठल्यातरी नदीवर. कमरेच्या करगोट्याला पुरचुंडी होती.

सांजेला दोघं प्रभाकररावांच्या अंगणात गेली. गाव होतंच. चंद्रभाननं पुरचुंडी सोडली आणि माळ शकुंतलाबाईंच्या हातावर ठेवली.

रुख्मिणी समोरच उभी होती. तिनं बाईंचे डोळे पाहिले.

शकुंतलाबाईंनी माळ बोटांतून सरकवली. एक मणी, दोन मणी. मणी त्यांच्या माळेपेक्षा टपोरे होते, हे त्यांच्या बोटांना लगेच कळलं. दोरा लाल नव्हता, काळा होता. आणि एका ठिकाणी दोऱ्याला गाठ होती, ताजी, तुटलेलं जोडल्यासारखी. बाईंचं बोट त्या गाठीवर थांबलं. त्यांनी मान वर करून चंद्रभानकडं पाहिलं. तो त्यांच्याकडंच पाहत होता, सरळ, पापणी न हलवता. निगराणीतला माणूस तसं पाहत नाही.

"हेच का ते?" प्रभाकररावांनी विचारलं.

बाई एवढं म्हणाल्या असत्या की ही माझी नव्हे, तर सगळंच उलटलं असतं. तांदूळ खोटे पडले असते, गावाला तोंड लपवायला लागलं असतं. आणि माळही सोडावी लागली असती.

"हो," शकुंतलाबाई म्हणाल्या. "हेच." आणि ती त्यांनी तिथंच गळ्यात घातली.

गावानं सुस्कारा टाकला. प्रेमदास भगताच्या पाया पडायला दोन बाया पुढं झाल्या. केशव मास्तर चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागले, माणसातल्या चांगुलपणाविषयी. त्यांचे डोळे पाणावले होते. ते खोटं रडत नव्हते. तीच तर भीतीची गोष्ट आहे.

शकुंतलाबाईंची खरी माळ कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. कोनाड्यातून उंदरानं ओढली असेल, चुना देताना भिंतीच्या भेगेत बुजली असेल, घरच्याच कुणी नेली असेल. गावाला चोर पाहिजे होता, तो गावानं करून घेतला.

घरी आल्यावर चंद्रभान हातपाय धुऊन पाटावर बसला. रुख्मिणी चुलीपुढं होती. भाकर तव्यावर फुगली होती, पण तिचं लक्ष नव्हतं. कोनाड्यात ठेवलेल्या माळेचा दोरा तुटत नाही. पेटीतल्या माळेचा तुटत नाही. दोरा तुटतो तो गळ्यात असला तर.

तिला विचारायचं नव्हतं. पण ते घरात बसलं होतं, दोघांच्या मधे.

"अजी," ती म्हणाली. "कोनाच्या गळ्यातली होती?"

"होती एक म्हातारी."

"जागी झाली?"

त्यानं ताट पुढं ओढलं.

"मंग... जिती हाय ना ते?"

"भाकर जळून राह्यली," चंद्रभान म्हणाला. "वाढ."